वरणगावच्या स्टँडवर स्थळाची चौकशी

माझा शेजारी सुधाकर डोळे मिटून वांगी घेतो. जळगावच्या बाजारात ढिगापुढे उकिडवा बसतो, डोळे गच्च मिटतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. वांगी विकणारी बाई धुळ्याकडची. ती ओरडते, "डोया उघडा सर, माल बठ्ठा एकच शे!" म्हणजे सगळा माल सारखाच. हा मिटल्या डोळ्यांनीच सांगतो, "वरची वांगी तुम्ही निवडून मांडलेली असतात, बाई. मला पूर्ण ढीग कळायला हवा." घरी किडकं वांगं निघालं की याला आनंद. ढीग खरा कळला म्हणे. त्याचं भरीत मात्र मलाच करायला लावतो.

तो कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. गाव त्याला सर म्हणतं, मी वयाने बरीच मोठी म्हणून अरेतुरे करते. मला वाटायचं, मनाचं शास्त्र म्हणजे लोकांची दुःखं ऐकत असेल. पण त्याच्या वर्गातली एक पोरगी माझ्या ओट्यावर बसून रडली. "आजी, आम्ही मन शिकायला आलो आणि सर आकडेमोड करायला लावतात."

मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "अक्का, सगळ्या जगाला विचारता येत नाही. थोड्यांना विचारायचं, तो नमुना. त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा, आणि आपण किती चुकू शकतो तेही सोबत सांगायचं."

मी चौथी शिकलेली. तरी मला हे पटलं. फक्त ते शेवटचं सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"योगायोगानेही होऊ शकतं" हे त्याचं पालुपद. एकदा त्याचा गुडघा धरला तेव्हा मी त्याला तीळतेल गरम करून दिलं. गुडघा सुटला. हा म्हणाला, "तेलानेच सुटला असं नाही, अक्का. योगायोगानेही होऊ शकतं." पुढच्या थंडीत गुडघा पुन्हा धरला. लंगडत दारात आला. मी म्हटलं, "घरी जा. योगायोगाची वाट बघ."

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण त्याला एकुलती एक मुलगी, हर्षदा. आई ती लहान असतानाच गेली. आता हर्षदा बँकेत नोकरी करते, घर सांभाळते, आणि लग्नाचं वय झालेलं. स्थळ आलं की सुधाकर आधी धरून चालतो, की या मुलात आणि रस्त्यावरच्या कुठल्याही मुलात काहीच फरक नाही. याला तो शून्य परिकल्पना म्हणतो. फरक आहे हे मुलाने सिद्ध करायचं. मुलगा बिचारा पोहे खाऊन काय सिद्ध करणार? तो गेला की हा म्हणायचा, "तासाभरावरून आयुष्याचा अंदाज कसा बांधू?"

मी चिडले की शिकवायचा. "चुका दोन प्रकारच्या असतात, अक्का. वाईट मुलाला हो म्हटलं, ती एक. चांगल्याला नाही म्हटलं, ती दुसरी."

"दुसरी तू दर दिवाळीनंतर करतोस," मी म्हटलं.

यंदा वरणगावचा मुलगा आला. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी. हर्षदाला आवडला आणि तिने तसं तोंडाने सांगितलं. मुलाकडच्यांनी निरोप दिला, रविवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. हर्षदा मला म्हणाली, "अक्का, या वेळी बाबांनी नाही म्हटलं तर मी परत कुणापुढे पोहे घेऊन जाणार नाही."

आमच्यात स्थळाची चौकशी नातेवाइकांकडून करतात. माझी भाचेसून वरणगावची. मी फोन उचलला तर सुधाकर म्हणाला, "तिला नको. ओळखीच्याला विचारणं म्हणजे वरची वांगी उचलणं."

म्हणून शनिवारी आम्ही दोघं वरणगावच्या स्टँडवर. स्टँडवर येणारा-जाणारा दर पाचवा माणूस हा अडवणार आणि मुलाबद्दल विचारणार. एकट्या पुरुषाशी कुणी धड बोलत नाही म्हणून मला सोबत आणलेलं.

पहिला म्हणाला, "बरा आहे." दुसरा म्हणाला, "चांगला आहे." तिसऱ्या बाई म्हणाल्या, "सोनं आहे सोनं!" चौथ्याने तर न विचारता सांगितलं, "दारूला शिवत नाही." सुधाकरचा चेहरा फुलला. "अक्का, इतकं सारखं उत्तर योगायोगाने येणार नाही!"

पुढचे आबा काठी टेकत आले. "पोरगा चांगला आहे," ते म्हणाले, "आणि त्याच्या आईने तुम्हाला चहाला बोलावलंय."

पहिल्या माणसाने चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. टपरीने सगळ्या स्टँडला.

सुधाकर बाकावर बसला. "नमुन्यातली माणसं एकमेकांशी बोलली, अक्का. सगळं वाया गेलं. प्रत्येकाने आपापलं, स्वतंत्र उत्तर द्यायला हवं होतं."

"वरणगावात?" मी विचारलं.

तेवढ्यात मुलाची आईच आली. कणकेचे हात तसेच. "काय सर, गावाला कशाला विचारता? मला विचारा. रागीट आहे. जेवण बिघडलं तर अबोला धरतो, पण आपलं ताट आपण घासतो. घोरतो. लहान बहिणीची फी त्याने भरली, हे मात्र तो सांगणार नाही." मग पदर खोचून म्हणाली, "आता तुम्ही सांगा. तुमची हर्षदा कशी आहे?"

वर्गात तासन् तास बोलणारा माणूस. त्याला एकच गोष्ट सुचली.

"मला यायला उशीर झाला तर ती जेवत नाही," तो म्हणाला. "थांबते. मी जेवून घे म्हणतो, तरी थांबते."

मग तो चष्मा पुसू लागला. आम्ही दोघी बायका समोरून जाणाऱ्या केळीच्या ट्रककडे बघत राहिलो.

"रविवारपर्यंत थांबू नका," तो म्हणाला. "आमच्याकडून हो."

परतीच्या एसटीत भुसावळ सुटलं. मग सुधाकर म्हणाला, "अक्का, भाताला तांदूळ किती घेतात?"

"माणशी एक मूठ."

"कुणाची मूठ?"

"तुझीच," मी म्हटलं. "घरात आता दुसरी कुठली राहणार?"

त्याने मांडीवरची मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली, आणि नशिराबाद येईपर्यंत तिच्याकडेच बघत बसला.