नानांची पद्मिनी आणि आबांची अ‍ॅम्बेसिडर

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणारे नाना नव्या माणसाला नाव-गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "पद्मिनी की अ‍ॅम्बेसिडर?" आमचा जावई पहिल्यांदाच आलेला, बिचारा "कोण पद्मिनी?" म्हणून गेला. तेव्हापासून नाना त्याला चहाला बोलावत नाहीत.

नानांच्या दारात पांढरी पद्मिनी उभी असते. धुळ्यात त्यांच्या थोरल्या भावाकडे, आबांकडे, काळी अ‍ॅम्बेसिडर आहे. या दोन म्हाताऱ्या गाड्यांची तुलना हाच नानांचा छंद, धंदा आणि धर्म. डिकी केवढी, हे ते भरताच्या वांग्यांच्या क्रेटमध्ये सांगतात. मागची सीट किती ऐसपैस, हे आमच्या हिला तिच्या दोन्ही बहिणींसकट बसवून सिद्ध करतात. "आकड्यावर बोला, भाऊ!" हे त्यांचं पालुपद. एका न्हाव्यानं पद्मिनीला तीनच गिअर सांगितले, तर नाना अर्धी दाढी तशीच ठेवून उठले.

मला या माणसाचं भारी कुतूहल. दर रविवारी ते धुळ्याला जातात, म्हणून परवा मीही निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. चढ आला की नाना गाडीला शाबासकी देत, आणि मधूनच परीक्षेला निघालेल्या पोरासारखं काहीतरी पुटपुटत.

आबा ओट्यावर खुर्चीत होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात चालत नाही. नजर समोरच्या अ‍ॅम्बेसिडरवर. नानांनी चपला काढल्या न काढल्या तोच घरच्या अहिराणीत तोफ डागली.

"आबा, तुनी गाडीले ब्रेक तरी शे का?"

आबा गप्प.

"डिकीमा एक पोतं बी मावस नही!"

आबांची पापणीही हलली नाही. नानांचा चेहरा उतरला. आबांच्या पत्नी, अक्का, पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या. नानांनी आवाज चढवला, "जाऊ दे! अ‍ॅम्बेसिडरनं इंजिन मनी पद्मिनीपेक्षा धाकलं शे!"

मी चमकलो. अ‍ॅम्बेसिडरचं इंजिन मोठं, हे मला नानांनीच सीसीच्या आकड्यांसकट घोटून शिकवलेलं. चूक सुधारायला मी तोंड उघडलं, तर नानांनी माझा दंड असा दाबला की ते आपोआप मिटलं.

आबांची मान वळली. ओठ थरथरले. "खो... खोटं," ते म्हणाले. मग जीभ ओढत, एकेक शब्द उचलून ठेवत, "तुनं... हजार. मनं... पंधराशे. पंधराशे, लबाड!"

"हारनू, भो. हारनू मी!" नाना म्हणाले. आबा तोंडाच्या एकाच बाजूनं हसले.

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "मागच्या रविवारपासून एक शब्द नव्हता," त्या मला हळूच म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, बोलतं ठेवा, नाहीतर वाचा जाईल. आमच्याशी बोलत नाहीत हो. नानांशी भांडतात तेवढंच."

परतताना पारोळा मागे पडलं. मग गिअर बदलता बदलता नाना म्हणाले, "ब्रेक झाले, डिकी झाली, आज इंजिनही संपलं. आबा आता पहिल्यासारखा चटकन चिडत नाही रे. पुढच्या रविवारी काय चुकीचं बोलू? जरा विचार करून सांग ना."