दोन घड्याळं आणि एक कर्नल

मिहिकाची ऑनलाइन मुलाखत शनिवारी होती, भारताच्या वेळेने सकाळी बरोबर दहाला. शुक्रवार दुपारपासूनच दुबईत अल बर्शातल्या त्या फ्लॅटमध्ये सगळ्यांचे चेहरे दवाखान्याबाहेर बसल्यासारखे झाले होते.

पुण्यातल्या निवृत्त अधिकाऱ्यांची एक संस्था सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्ती देत असे. वर्षभराचं राहणं, जेवण आणि परीक्षेची तयारी, सगळं फुकट. मिहिकाला बारावीला एक्कावन्न टक्के होते आणि गणितात अडतीस. वयोमर्यादा संपत आली होती, म्हणजे ही शेवटची संधी. हुकली तर तिच्या बाबांनी, अरुणने, जबल अलीच्या त्याच्या गोदामाच्या ऑफिसात तिच्यासाठी एक खुर्ची बघून ठेवलीच होती. ती खुर्ची नुसती आठवली तरी मिहिका पुन्हा पुस्तक उघडून बसे.

अरुणची आई मनोरमाबाई चिपळूणला तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नातीचे अडतीस त्यांनी स्वतःलाच पडल्यासारखे मनाला लावून घेतले होते. गेले सात महिने त्या रोज व्हिडिओ कॉलवर तिला शिकवत होत्या. "उत्तर आलं म्हणून हुरळू नकोस, पायऱ्या तपास," हे त्यांचं रोजचंच. त्या शिकवणीसाठीच हॉलमध्ये दुबईच्या घड्याळाशेजारी भारताच्या वेळेचं दुसरं घड्याळ लागलं होतं. मुलाखतीला मात्र त्या जातीने दुबईत हजर झाल्या होत्या.

मुलाखतीच्या पत्रात शेवटी ठळक लिहिलं होतं : पाच मिनिटं उशीर झालेल्या उमेदवाराचं नाव काढून टाकण्यात येईल. या एका ओळीने घराचा घात केला.

संध्याकाळी सहाला, घरात कोणी नसताना, अरुण खुर्चीवर चढला. दोन घड्याळं म्हणजे गोंधळ, आजची रात्र सगळं घर भारताच्या वेळेनेच चालू दे, असा विचार करून त्याने दुबईचं घड्याळ दीड तास पुढे केलं. सांगू नंतर, म्हणाला, आणि विसरला.

सातला मनोरमाबाईंनी सगळ्यांचे फोन गोळा करून तांदळाच्या डब्यात पुरले. "उद्या मुलाखत संपेपर्यंत एक घंटी वाजायला नको."

"आई, ऑफिसचा फोन आला तर?" अरुण म्हणाला.

"तांदूळ उचलतील."

थोड्या वेळाने मिहिकाच्या आईची, छायाची, नजर भिंतीवर गेली. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत होती. भारताच्या घड्याळाचा सेल जुना, तेच मागे पडलं असणार, असं ठरवून तिने नवा सेल घातला आणि ते दीड तास पुढे सरकवलं. सासूबाईंना उगाच काळजी नको म्हणून गप्प राहिली. अरुणने जाता जाता पाहिलं, तर घड्याळांत पुन्हा अंतर! आईने आपला प्रताप बघून दुबईचं घड्याळ मागे केलं वाटतं, असं समजून तोही गप्प राहिला.

झोपण्याआधी मनोरमाबाईंनी चष्मा लावून दोन्ही घड्याळं तपासली. फरक बरोबर दीड तासाचा. त्या समाधानाने झोपल्या.

सकाळी मिहिका कडक इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसली, तेव्हा खिडकीबाहेर अजून धड उजाडलं नव्हतं.

"एवढा अंधार कसा गं?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"धुकं असेल आई. जानेवारीत पडतं इथे," छाया म्हणाली.

"यल्ला, यल्ला, चला, दहा वाजले!" अरुणने लॅपटॉप उघडला. "बेटा, घाबरायचं नाही. मी घाबरलोय का?"

"बाबा, यू आर शेकिंग द टेबल."

पडद्यावर भरघोस मिशांचे कर्नलसाहेब आले. तिघं मोठे दाराआड दडले. त्याच क्षणी मिहिकाला लॅपटॉपच्या कोपऱ्यातली वेळ दिसली : सात. आणि कर्नलसाहेबांच्या मागच्या घड्याळात साडेआठ! मनोरमाबाईंनाही दोन्ही दिसलं.

"शाबास!" कर्नलसाहेब गरजले. "बरोबर साडेआठ! दुबईतले पाच उमेदवार, त्यातली तू एकटी वेळेवर. बाकी चौघांना शिस्त नाही. पाच मिनिटं बघतो, मग नावांवर काट मारतो."

मिहिका गोंधळली. "सर, पण लेटरमध्ये दहा..."

"हो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. दहातून दीड गेले, साडेआठ. म्हणून तर मी आत्ता बसलोय."

दाराआड मनोरमाबाईंच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. गृहस्थाने पुण्यात बसून दुबईचं घड्याळ धरलं होतं! आपण वेळ बरोबर लावली असती, तर या क्षणी पोरगी अंथरुणात असती आणि तिच्याच नावावर काट पडली असती. त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. ओठांवर बोट ठेवून नातीला खूण केली : गप्प बस!

मिहिकाने ते पाहिलं.

"सर, सॉरी. तुमची एक पायरी चुकली. पत्रात भारताची वेळ आहे. तुमच्याकडे दहा वाजतील तेव्हा आमच्याकडे साडेआठ. ते चौघं लेट नाहीत, सर. आमच्याच घरात घड्याळाचा काहीतरी घोळ झालाय, म्हणून मी अर्ली आहे."

मिशा स्थिर झाल्या. कर्नलसाहेबांनी कागद ओढला, आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले.

"गणितात किती होते तुला?"

"अडतीस, सर."

"हं. दहाला ये. तुझा नंबर शेवटचा." पडदा काळा झाला.

"खलास!" अरुणने कपाळावर हात मारला. "कर्नलला गणित शिकवलं हिने!"

"मी शिकवलं तिला," मनोरमाबाई पुटपुटल्या, आणि त्यांना स्वतःच्या त्या बोटाची इतकी लाज वाटली, की तो हात त्यांनी पदराखाली लपवला.

दहाला मुलाखत झाली. पुढचे आठ दिवस घरात कोणाला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी ईमेल आली. अरुणने मोठ्याने वाचली, तीही दोनदा, कारण पहिल्यांदा कोणाचा विश्वासच बसेना. निवड झाली होती. एक तारखेला सकाळी सहाला पुण्यात हजर राहायचं होतं. खाली कर्नलसाहेबांनी स्वतः एक ओळ जोडली होती : "वेळ भारताची. तरीही उमेदवाराने माझा हिशेब तपासून घ्यावा."

छाया रडू लागली. अरुण डोळे पुसत उठला आणि खुर्ची ओढत भिंतीकडे निघाला.

"सकाळचे सहा म्हणजे इथले साडेचार. विमान, टॅक्सी... मी काय म्हणतो, आतापासूनच घड्याळ थोडं..."

"बाबा, खाली उतरा," मिहिका म्हणाली आणि तिने मूठ उघडली. दोन्ही घड्याळांचे सेल तिच्या हातात होते.