समुद्राला लागलेली सवय

वेळणे गावच्या समुद्राला रोज दिवेलागणीला चंद्रभागा कुबल हिच्या अंगणात येण्याची सवय लागली होती, आणि ती मोडण्यासाठी ग्रामपंचायतीने त्याच्यावर मानसोपचार करून घ्यायचं ठरवलं.

समुद्राने भरतीला किनाऱ्यावर यावं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण हा भरती-ओहोटी काही बघत नसे. बाकी सगळं पाणी जागच्या जागी ठेवून त्यातली एक लांब पट्टी तेवढी सुरूच्या बनातून निघायची, सरपंच दिगूभाऊ मयेकरांच्या कुंपणाला वळसा घालून पाणंदीने वर चढायची आणि चंद्राक्काच्या तुळशीपाशी येऊन थांबायची. कुंपणाला धक्का लावत नसे. तेवढं वळण त्याला होतं, हे दिगूभाऊही कबूल करत.

सुरुवात अगदी साधी झाली होती. चंद्राक्काचा नवरा विश्राम एकदा होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी एक लाट काही कारण नसताना अंगणाच्या कडेपर्यंत आली. चंद्राक्का भांडी घासायला बसली होती. टोपाच्या तळाशी मूठभर भात उरला होता. तो विश्रामच्या वाटणीचा. तेवढा जास्त शिजवायची तिच्या हाताची सवय अजून गेली नव्हती. तिने तो लाटेपुढे टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी लाट पुन्हा आली.

"ज्येना तुजो घोव नेल्यान, तेका भात घालतंस?" शेजारणी म्हणाल्या.

"दारात इलो," चंद्राक्का म्हणाली. "उपाशी कसो धाडू?"

यात वाईट काही नव्हतं, पण चंद्राक्काच्या अंगणाला लागूनच गावची विहीर होती. वेळण्यात गोड्या पाण्याची विहीर ती एकच. समुद्र रोज तिच्या कडेने जाऊ लागला तसं पाणी आधी मचूळ झालं, मग चहा नासू लागला. विहीर पुरती खारी झाली तर गाव उठवावा लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. गावाने चंद्राक्काला हात जोडले. तिनेही मान्य केलं. भात बंद केला. मग एखाद्या दिवशी समुद्र फारच केविलवाणा होऊन तुळशीपाशी बसून राही, तेव्हा तिच्याने राहवत नसे आणि ती पदराआडून एक घास टाकून देई. तेव्हापासून समुद्र जास्तच नेमाने येऊ लागला.

पहिल्यांदा आले ते डॉक्टर वर्तक. रोग्याच्या लहानपणात शिरायचं, मुळाशी जायचं, ही त्यांची पद्धत. रोग्याने आडवं पडायचं आणि डॉक्टरांनी त्याच्या डोक्यामागे बसायचं, असा त्यात नियम आहे. समुद्र आडवा होताच. पण त्याचं डोकं कुठल्या बाजूला, हे गावात कुणालाच सांगता येईना. डॉक्टर खुर्ची घेऊन किनाऱ्यावर हिंडले, होडीतूनही फिरून आले. शेवटी, याचं लहानपण फारच जुनं आहे, आपलं आयुष्य पुरणार नाही, असं प्रामाणिकपणे सांगून ते गेले.

मग हळदणकर नावाचे समुपदेशक आले. रोगी जसा आहे तसा मनापासून स्वीकारायचा, त्याला नावं ठेवायची नाहीत, ही त्यांची रीत. ते तुळशीपाशी पाण्यात मांडी घालून बसले आणि समुद्र जे बोलेल ते ऐकत राहिले. माणूस खरंच चांगला. समुद्राला इतकं बरं वाटलं, की त्या संध्याकाळी तो ओटीवर चढला आणि हळदणकरांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. डोकं कुठे असतं ते तेव्हा कळलं, पण वर्तक तोवर गेले होते.

तिसऱ्या आल्या गुंजीकर मॅडम. कोल्हापूरच्या, उंच, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. सवयी लावणं आणि सवयी मोडणं हेच त्यांचं काम. याआधी त्यांनी एका घाटाची ऐन दुपारी धुकं धरायची खोड मोडली होती. त्या चंद्राक्काच्या ओटीवर बसल्या, चहा मचूळ असूनही पूर्ण प्यायल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"रोज देत होता तोवर बरं होतं," त्या म्हणाल्या. "रोज मिळणारं बंद झालं की लवकर कळतं. तुम्ही कधी दिलंत, कधी नाही. आता आज नाही तर उद्या मिळेल, या आशेवर तो येतो. आशेवर येणारा लवकर हटत नाही."

"माजा चुकला," चंद्राक्का म्हणाली.

"चूक नाही. सगळ्या आया असंच करतात. आता मात्र काहीच द्यायचं नाही. भात नाही, बोलणं नाही, बघणंसुद्धा नाही. त्याच्याकडे वळून बघितलंत की दिलंत."

"आणि मी ज्यो शिव्यो घालतंय, त्यो?" दिगूभाऊंनी विचारलं. ते रोज कुंपणाशी उभं राहून समुद्राच्या सात पिढ्या काढत.

"त्याही बंद. तुमच्या शिव्यांचीही तो वाट बघत असेल."

दिगूभाऊंना हे ऐकून जरा बरंच वाटल्यासारखं दिसलं.

"एक गोष्ट आधीच सांगते," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "बंद केलं की सवय लगेच जात नाही. जायच्या आधी ती एकदा वाढते. मिळत नाही म्हटल्यावर तो आहे नाही तेवढं सगळं बळ लावून मागेल. त्या वेळी जर कुणी दिलं, तर तो एवढंच शिकेल की असं मागितलं की मिळतं. मग पुढच्या वेळी सुरुवातच तिथून होईल. विहीर तर जाईलच, गावही जाईल."

"किती वाढात?" चंद्राक्काने विचारलं.

मॅडमनी खाली सुरूच्या बनापलीकडे पाहिलं. तिथे क्षितिजापर्यंत तोच होता.

"घाटाचं मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "याचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. संध्याकाळी सगळा गाव चंद्राक्काच्या अंगणात आणि आसपास जमायचा आणि रोजची कामं करायचा. बायका तांदूळ निवडायच्या, गडी जाळी विणायचे, दिगूभाऊंचा पत्त्यांचा डाव पडायचा. समुद्र यायचा, तुळशीपाशी थांबायचा. कुणी मान वर करत नसे. तो थोडा वेळ थांबे, मग पाण्याचा एक फुगा काढून फोडी, बायकांच्या पायांना गार गार स्पर्श करी. बायका पाय वर घेत आणि तांदूळ निवडत राहत. तो गेला की चंद्राक्का आत जाऊन विश्रामच्या वाटणीचा भात झाकून ठेवी. तिला वाईट वाटत होतं, आणि ती ते लपवतही नव्हती.

मग एके दिवशी समुद्र आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिगूभाऊ खूश झाले. मॅडमनी मात्र उद्या सगळ्यांनी लवकर यावं आणि हातात नीट पुरणारं काम घ्यावं, असं सांगितलं.

त्या दिवशी चंद्राक्का विळीवर नारळ खवत होती. ऊन उतरलं होतं. आधी पाखरं गप्प झाली, मग सुरूची सळसळ बंद झाली. मग अंगणातला उजेड हिरवा झाला. चंद्राक्काने खोबऱ्याकडे पाहिलं तर खोबरं हिरवं, तिचे हात हिरवे, पत्ते, तांदूळ, मॅडमचा अंबाडा, सगळं हिरवं. समुद्र आला होता. पट्टीने नाही, सगळाच आला होता. पाणंदीच्या तोंडाशी तो उभा राहिला होता, माडांच्या शेंड्यांच्याही वर, आणि मावळतीचं ऊन त्याच्यातून गाळून अंगणात पडत होतं. तो कोसळत नव्हता. नुसता उभा होता आणि वाट बघत होता.

कुणी पाहिलं नाही. पण सावल्या दिसायच्या राहत नाहीत. बांगडे माशांचे थवेच्या थवे त्या उजेडातून गेले तेव्हा त्यांच्या सावल्या अंगणभर सरकल्या, तांदळाच्या सुपांवरून, माणसांच्या पाठींवरून. मग एक फार मोठी सावली आली आणि जाता जाता जाईना, इतकी लांब. एक म्हातारी हलकेच देवाचं नाव घेऊ लागली. दिगूभाऊंच्या हातात मघापासून एकच पान होतं आणि ते कुणावर टाकायचं हे त्यांना कळत नव्हतं. आपण याला रोज शिव्या घालत होतो, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

मॅडम ओटीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी कुळथाचं पीठ मागून घेतलं होतं आणि ते चाळत होत्या. त्या जरा मोठ्याने, पण सरळ आवाजात म्हणाल्या, "आक्का, मला पिठी कशी करायची ते सांगा. आमच्याकडे नीट होत नाही."

"आधी लसूण," चंद्राक्का म्हणाली. "तेल तापला काय लसूण ठेचून घालूची."

"कांदा?"

"कांदो नंतर. घातलो तरी चलता, नाय तरी चलता."

समुद्राने मग असेल नसेल ते काढायला सुरुवात केली. जुने नांगर आले आणि अंगणाच्या कडेला ठेवले गेले. काचेचे गोळे आले. कुणाच्या तरी कानातली कुडी आली, एक पितळी घंटा आली, ती एकदाच वाजली. प्रत्येक वस्तू तो हळूच ठेवी आणि थांबे. हिरवी मिरची घालायची, मीठ घालायचं, पाणी उकळलं की पीठ भुरभुरायचं आणि एका हाताने ढवळत राहायचं, हे चंद्राक्काने सगळं नीट सांगितलं.

आणि मग तिला तो आवाज आला. टक. मग थोडं थांबून, टक टक.

विश्रामच्या होडीची पुढची, नाळेकडची एक फळी सुटली होती. पाण्यात हेलकावा बसला की ती वाजायची. त्या पहाटेही वाजत होती. "ती फळी ठोकून घेवा," चंद्राक्का म्हणाली होती, आणि तो "उद्या" म्हणून गेला होता. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. आता तो तुळशीच्या पलीकडे होता, चार पावलांवर, आणि नुसती मान वळवायची होती.

चंद्राक्काचा हात विळीवर थांबला. सगळ्या अंगणाने तो थांबलेला ऐकला. टक टक, फळी म्हणाली. विहीर तिच्या डाव्या हाताला होती आणि गाव तिच्या आजूबाजूला माना खाली घालून बसला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी खोबऱ्यावर पडायला लागलं.

"आक्का," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज आता सरळ राहिला नव्हता, पण त्या बोलल्या. "आमसूल कधी घालायचं?"

चंद्राक्काने मनगटाने डोळे पुसले.

"सोला मगे," चंद्राक्का म्हणाली. "शेवटाक. उकळी इल्यार." आणि तिने नारळाची कवड उचलून पुन्हा विळीला लावली.

हिरवा उजेड तसाच राहिला. मग तो हळूहळू कडेकडेने पातळ झाला, तांदूळ पांढरे झाले, पत्त्यांचे लाल बदाम लाल झाले. सुरू पुन्हा सळसळू लागले. दिगूभाऊंनी हातातलं पान टाकलं. नांगर, घंटा सगळं तो घेऊन गेला होता. अंगण कोरडं होतं. मॅडमनी चाळण खाली ठेवली.

"एवढा मोठा," त्या म्हणाल्या. "आणि एका मुठीसाठी."

त्यानंतर समुद्र अंगणात आला नाही. विहिरीचं पाणी निवळायला लागलं. गावाने मॅडमना नारळ दिला, पण त्या जायला तयार होईनात.

"मोडलेल्या सवयीची जागा रिकामी ठेवू नये," त्या म्हणाल्या. "आता तो मागे सरला की द्यायचं. जितका मागे, तितकं तिथे जाऊन द्यायचं. आणि लगेच. मध्ये दुसरं काही केलंत, तर हे कशाबद्दल मिळालं ते त्याला कळणार नाही."

चंद्राक्काने त्या दिवशी विश्रामच्या वाटणीचा भात मडक्यात घेतला आणि दोघी किनाऱ्यावर गेल्या. समुद्र मागे सरला होता. कधी नव्हे इतका मागे, जिथली वाळू कुणीच पाहिली नव्हती तिथपर्यंत, आणि तिथे तो अगदी शहाण्यासारखा पसरून बसला होता. त्या ओल्या नव्या वाळूवर, वाटेतच, विश्रामची होडी होती. रिकामी, एका कुशीवर कललेली.

चंद्राक्का होडीपाशी आली. तिची पावलं मंदावली. मॅडम मागे होत्या. चंद्राक्काने मडकं दोन्ही हातांनी धरलं, होडीला वळसा घातला आणि सरळ चालत पाण्याच्या कडेपर्यंत गेली. खाली मान घालूनच तिने सगळा भात वाळूवर ओतला. पाणी बोटभर पुढे आलं, भात घेतला आणि पुन्हा आपल्या जागी गेलं.

मग ती होडीकडे परतली. नाळेकडची फळी तशीच सुटलेली होती, खिळा अर्धा बाहेर. तिने वाळूतला एक दगड उचलला आणि खिळा ठोकला. ठोकेपर्यंत समुद्र कुठे हलला नाही. तिने तळव्याने फळी दाबून पाहिली. वाजत नव्हती.

"आक्का," मॅडम म्हणाल्या, "आता बघितलंत तरी चालेल."

चंद्राक्का होडीच्या काठावर बसली, दगड बाजूला ठेवला आणि मान वर केली. अंधार पडेपर्यंत तिने त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं.