दिघेसाहेब नियमात बसतात

दिघेसाहेब कुणाला मार्गदर्शन करायला निघाले की स्वतःचा चहा बरोबर नेतात. थर्मास त्यांचा, कप त्यांचा, बिस्किटंसुद्धा त्यांचीच. समोरच्यानं भिडेखातर "सर, चहा सांगू?" म्हटलं की लगेच हात वर. "नियमात बसत नाही!"

आमच्या इंजिनीअर मंडळींची नवी मुंबईत एक योजना आहे. जुन्यांनी नव्यांना मार्गदर्शन करायचं, तेही फुकट. जोड्या मी लावते. नियम साधेच: भेटवस्तू घेऊ नका, ऐकलेलं बाहेर बोलू नका, निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्या. बाकीचे मेंटॉर नियमांवर नजर टाकतात आणि विसरतात. दिघेसाहेबांनी ते अंगात भिनवून घेतले. एकदा एक मुलगा पाया पडायला वाकला, तर हे खांदेश्वरच्या बागेत बाकावरून उठून पळाले. "मी मेंटॉर आहे, देव नाही!"

त्यांच्याकडे प्राजक्ता म्हात्रे आली. करावे गावातली पोर, उरणकडे एका गोदामाच्या साईटवर इंजिनीअर. एकदा करावेत कुणाच्या तरी हळदीला दोघं समोरासमोर आली. तिनं आनंदानं नमस्कार केला. साहेब गंभीरपणे म्हणाले, "आपण कोण?" ती मार्गदर्शन घेते हे चारचौघांत कळायला नको ना!

तिची आई तिथंच होती. "आमची पोर रोज तुमचा नाव घेते, नि तुमी वलखत पन नाय?"

साहेब घामाघूम झाले, पण ओळख दिली नाही. जेवण मात्र भरपूर केलं. आमंत्रण नवऱ्या मुलाकडून होतं, प्राजक्ताकडून नाही, म्हणून नियमात बसत होतं.

पुढचं मला प्राजक्तानंच नंतर सांगितलं. साईटच्या कंत्राटदारानं, म्हणजे तिच्या साहेबांनी, तिला काँक्रीटची चाचणी न करताच 'पास' म्हणून सही करायला सांगितलं होतं. नाहीतर नोकरी सोड म्हणाले. ती रडकुंडीला येऊन दिघेसाहेबांकडे गेली आणि तिनं त्या साहेबांचं नाव घेतलं, पाटणकर.

दिघेसाहेबांनी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाले, "पाटणकर माझा शाळेपासूनचा मित्र आहे. तुला दुसरा मेंटॉर मागता येईल. माझ्याकडून त्याला एक अक्षर कळणार नाही."

"मला तुमीच पायजे, सर."

सही कर किंवा करू नकोस, यातलं ते काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "त्या छपराखाली तुझा भाऊ कामाला असता तर?"

तिनं सही केली नाही. नोकरी गेली. ती का गेली हे गोदामाच्या मालकाच्या कानावर गेल्यावर चाचणी करावीच लागली, काँक्रीट कच्चं निघालं आणि पाटणकरांचं काम काढून घेतलं गेलं. पोरीला पुढे पनवेलला चांगली नोकरी लागली.

पाटणकर तरातरा दिघेसाहेबांच्या घरी आले तेव्हा मी योजनेच्या कामासाठी तिथंच बसले होते.

"बाळ्या, ती पोरगी तुमच्या त्या योजनेत होती म्हणे. तूच तिच्या डोक्यात भरवलंस ना?"

"मला सांगता येणार नाही."

"म्हणजे तूच!"

"मला सांगता येणार नाही, अरविंद."

पाटणकर चप्पल घालून निघून गेले. लिफ्टचीसुद्धा वाट पाहिली नाही.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही भरवलं नव्हतं. तेवढं तरी सांगायचंत."

"तेवढं सांगितलं की ती माझ्याकडे आली होती हे सांगितल्यासारखंच झालं."

त्यानंतर पाटणकर आले नाहीत. साहेबांचं घर मुळात एकट्याचं. परवा जाता जाता मी सहज विचारलं, "पाटणकरांची काही खबर?"

ते खिडकीशी उभे होते. "बाळ्या म्हणणारं आता दुसरं कुणी नाही हो. आई गेली, ताई गेली. उरला होता तो एकटा."

"मग तुम्हीच जा ना त्यांच्याकडे."

"जातो की. दर रविवारी जातो. त्याच्या सोसायटीच्या गेटपर्यंत."

"आणि मग?"

"मग परत येतो. वर गेलो तर तो पुन्हा विचारणार. आणि त्याच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही."