नणंदेच्या श्वासावर

पद्मावती चौगुले यांचं यकृत त्यांच्या स्वतःच्या श्वासावर हलत नव्हतं, नणंदेच्या श्वासावर हलत होतं. मिरजेत एमआरआय काढताना हे लक्षात आलं.

सोनोग्राफीत यकृतावर सुपारीएवढा डाग दिसला होता. ऑपरेशन करायचं की नाही, हे एमआरआयवर ठरणार होतं. श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं आणि फोटो पुसट येतो, म्हणून मशीन चालवणारे रियाज मुजावर पेशंटच्या पोटावर पट्टा बांधून श्वासावर नजर ठेवत आणि मधूनमधून तो धरून ठेवायला सांगत. पद्मावतीबाईंनी अठ्ठावीस वर्षं शाळेत पीटी शिकवली होती. त्यांनी श्वास असा धरला की पडद्यावर पट्ट्याची रेघ सरळ झाली. यकृत मात्र वरखाली होतच राहिलं.

रियाजभाईंनी पट्टा बदलून पाहिला. मग ते बाहेर बसलेल्या माणसांकडे बघू लागले. पद्मावतीबाईंचे यजमान आप्पासाहेब डुलकी काढत होते. त्यांचा श्वास यकृताशी जुळेना. शेजारी त्यांची धाकटी बहीण त्रिशला भडंग खात फोनवर बोलत होती. तिचा जुळला. ती फिस्सकन हसली, तेव्हा काचेपलीकडच्या पडद्यावर यकृत सात वेळा उडालं.

डॉक्टरीणबाईंना बोलावण्यात आलं. त्यांनी पडदा पाहिला आणि नणंद सख्खी की चुलत एवढंच विचारलं. सख्खी, असं कळल्यावर त्यांनी परवानगी दिली. फॉर्ममध्ये श्वास कोणाचा हा रकाना नव्हता, म्हणून त्रिशलाचं नाव 'सोबत आलेले नातेवाईक' या रकान्यात लिहिलं. पट्टा सोडवून तिच्या पोटावर बांधला आणि तिला पंधरा सेकंद श्वास धरायला सांगितलं.

तिसऱ्या सेकंदाला ती हसली. दुसऱ्या वेळी दुसऱ्यालाच. तिला भीती वाटली की हसू येई. वडील गेले तेव्हाही ती भरल्या घरात हसली होती. सगळे चिडले, पण पद्मावतीवहिनींनी तिला स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं आणि पोटभर हसू दिलं होतं. आता त्याच वहिनीचा जीव आपल्या श्वासावर आहे म्हटल्यावर तिचं हसू थांबणार कसं?

पाचव्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे वहिनीचं काही बरंवाईट झालं तर?" ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

रियाजभाईंनी माईक सुरू करून आत सगळं सांगितलं. मशीनमधून पद्मावतीबाईंचा आवाज आला, "तिला गप्प करू नका. हसू दे. हसून दमली की ती क्षणभर श्वास घेत नाही. तेवढ्यात काढा फोटो."

पट्ट्यावर पाहिलं तर खरंच होतं. प्रत्येक हसण्यानंतर चार सेकंद रेघ अगदी सपाट. तेवढा वेळ यकृत शहाण्या मुलासारखं पडून राही. मात्र सगळे फोटो यायला बत्तीस वेळा हसणं आवश्यक होतं आणि नेमकं आता त्रिशलाला हसू येईना.

आप्पासाहेबांना उठवलं. तलाठी म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यात विनोद करून कोणाला हसवू शकला नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि भिंतीवरची सूचना, सातबारा वाचावा तशी वाचायला घेतली. "कवळी, कर्णफुले व तत्सम धातुयुक्त वस्तू संबंधितांनी बाहेर काढून ठेवाव्यात." त्रिशला 'तत्सम'लाच कोसळली. सूचना संपल्यावर त्यांनी ती उलटी वाचली. आतमध्ये पद्मावतीबाईही हसत होत्या. त्यांचं पोट हलत होतं, पण त्याने यकृताला काही फरक पडत नव्हता.

फोटो काचेसारखे लख्ख आले. डाग म्हणजे रक्तवाहिन्यांचं निरुपद्रवी गाठोडं निघालं. ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. त्रिशलाने तो कागद तीनदा वाचला आणि पहिल्यांदाच ती हसली नाही. वहिनीच्या गळ्यात पडून रडली.

साताऱ्याला राहणारी त्रिशला डिसेंबरात मैत्रिणींबरोबर अजिंक्यतारा चढायला जाऊ लागली. इकडे पद्मावतीबाई सकाळी मेथी निवडत बसत. "चढ लागला," त्या आप्पासाहेबांना सांगत. थोड्या वेळाने म्हणत, "पोचली."

एका सकाळी चढाच्या मध्येच यकृत उड्या मारायला लागलं. पद्मावतीबाईंनी जुडी बाजूला ठेवली आणि त्या डोळे पुसत हसत सुटल्या. आप्पासाहेबांनी काय झालं म्हणून विचारलं.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, "पण भारी झालंय."