हात वर नको, चिठ्ठी टाका

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, आम्ही चौघांनी काय खायचं, हे टिपणीसकाका गुप्त मतदानाने ठरवतात. झाकणाला चीर पाडलेला बिस्किटांचा डबा त्यांच्या पिशवीत कायम असतो. परवाचा निकाल: डोसा दोन, नूडल्स एक, एक मत बाद. बाद मत माझ्या मुलीचं. तिने चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"अंकल, जस्ट ऑर्डर लाह," ती इथल्या ढंगात म्हणाली.

"नाव लिहिलंस की मालकाला कळतं, बाळ."

मालक म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा गिरणीमालक. काका बुकित बातोकला आमच्याच ब्लॉकमध्ये एकटे राहतात, बँकेतून निवृत्त झालेत. पण मनाने ते चार्टिस्ट चळवळीत असतात. मताचा हक्क मागणाऱ्या त्या कामगारांच्या सहा मागण्या ते लिफ्टमध्येही ऐकवतात. नवव्या मजल्यापर्यंत चार होतात. लाखो सह्यांचा अर्ज संसदेने तीनदा फेटाळला, हे सांगताना त्यांचा आवाज कालच घडल्यासारखा चढतो.

"त्यात बायकांना मत होतं का हो?" लेलेवहिनींनी एकदा विचारलं.

"नव्हतं. तिथे चुकले ते," काका म्हणाले.

आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी माना डोलावून, हात वर करून ठरायचा. म्हणजे लेलेच. काकांनी अकरा वर्षं हाताने लिहून अर्ज दिले: हात वर नको, चिठ्ठी टाका. यंदा लेले कंटाळून म्हणाले, "टाका बाबा. आणि उभेही राहा."

काका उभे राहिले. आदल्या दिवशी मला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा मत देणार. तिकडे मायदेशी बँकेत दर निवडणुकीला बदली, नाव भलत्याच गावच्या यादीत. इकडे नुसता पीआर, राहायची परवानगी पण नागरिकत्व नाही, म्हणजे मत नाही." मी हादरलो. ते हळूच पुढे म्हणाले, "एकदा निवडून यावंसं वाटतं हो."

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मतदान झालं. चिठ्ठ्या काकांनीच मोजल्या आणि निकाल स्पष्ट आवाजात वाचला. लेले तेवीस. टिपणीस शून्य.

कुणी टाळी वाजवली नाही. लेलेसुद्धा खाली बघत होते. हॉलचं बुकिंग आणि गणपतीची वर्गणी लेल्यांनाच जमते, म्हणून मी लेल्यांना मत दिलं होतं. काकांना बाकीचे देतील, असं धरलं होतं. बाकीच्यांनीही तेच धरलं असावं. पण शून्य म्हणजे काकांचं स्वतःचंही नाही.

सगळे पांगल्यावर मी म्हणालो, "काका, मी खरं तर…"

त्यांनी हात वर केला. "सांगू नका. हे सांगावं लागू नये म्हणून माणसं तुरुंगात गेलीत."

"पण तुमचं मत?"

"तेही विचारायचं नसतं."

अक्षरावरून कुणी ओळखलं जाऊ नये म्हणून ते एकेक चिठ्ठी बारीक फाडत होते. बावीस फाडल्या. तेविसावी तळहातावर सरळ केली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तिच्यावर लेल्यांचं नाव होतं, अकरा वर्षांच्या अर्जांतल्या त्याच वळणदार अक्षरात.