अडीचशे घोडे आणि दोन जागा

"माह्या बाळाची नवरी, येई घोड्याच्या पाठीवरी,
धूळ उडे शिवारात, जशी केशराची सरी."

जात्याच्या घरघरीत मिसळलेला मायचा हा आवाज मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकला, तेव्हा मला धड चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. पुढे बुलढाण्याला वकिलाकडे कारकून झालो, लग्न ठरलं, आणि मी मनाशी पक्कं केलं. मायनं एक घोडा मागितला होता. मी अडीचशे आणणार होतो!

हे अडीचशे घोडे एका अमेरिकन मोटारीच्या नाकात भरलेले होते. आमच्या वकिलांचे अशील भगवंतराव, मलकापूरचे कापसाचे व्यापारी. मुंबईचा एक परदेशी साहेब मायदेशी निघाला होता, त्याची मोटार ते घेत होते. इंग्रजी पत्रं मी लिहायचो. सोबत कंपनीचं एक गुळगुळीत, रंगीत पुस्तक आलं होतं. ते मी इतकं वाचलं की परीक्षेला तेवढं वाचलं असतं तर स्वतःच वकील झालो असतो.

त्या पुस्तकात एकाच मोटारीचे तीन थाट होते. साधा, बरा आणि डोळे दिपवणारा. लाल चामड्याच्या गाद्या हव्यात की काळ्या? टायरला पांढरी पट्टी हवी की नको? घड्याळ, रेडिओ, दुमडणारं छप्पर, चार गिअर, आठ सिलिंडर, आठ सेकंदांत साठ मैलांचा वेग. मी साहेबाला पंधरा प्रश्न विचारले. पंधराही गोष्टी मोटारीत होत्या.

"मुन्शीजी," भगवंतराव खूश होऊन म्हणाले, "गाडी येईन त्या दिवशी पह्यले तुमची नवरी आना तिच्यात."

मी ते पुस्तक मध्यस्थ कडूबाच्या हाती सासऱ्यांकडे धाडलं. नवरी रुखमाच्या नजरेस पडावं, आपला नवरा काय चीज आहे ते तिला कळावं, एवढाच हेतू. तिनं मला तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही मान खाली घालून. चार दिवसांनी पुस्तक परत आलं.

"काही म्हणाली?" मी विचारलं.

"एक शब्द नाही," कडूबा म्हणाला.

दिपून गेली असणार, मी समजलो.

लग्न तिच्या गावी लागलं. आमचं मोताळं तिथून चार कोस. माय आमच्या घरच्या रीतीप्रमाणे घरीच थांबलेली, तिनं सून अजून पाहिलेली नव्हती. पाठवणीच्या वेळेला मोटार आली. लालभडक, लांबलचक, जमिनीला इतकी लागून की एखादी सुसर उन्हात पहुडली आहे असं वाटावं. ड्रायव्हर मेहबूबनं दार उघडलं.

"बसा साहेब."

"नवरीले मागं बसवा," मी ऐटीत म्हणालो.

"मागं?" मेहबूबनं मागं पाहिलं. मीही पाहिलं. मागं नुसता पत्रा होता. "दोनच जागा हायत साहेब. एक माही. दुसरी तुम्ही ठरवा."

आठ सिलिंडर मोजले होते. गिअर मोजले होते. बसायच्या जागा मोजल्या नव्हत्या! पुस्तकातल्या चित्रात एक साहेब नि एक मडम होती. बाकीची मंडळी घरी असतील असं मी धरून चाललो होतो.

मांडवात चर्चा पेटली. नवरी एकटी ड्रायव्हरसोबत कशी जाणार? मी गेलो तर नवरीविना नवरदेव घरी जाऊन काय करणार? शिवाय नवरीसोबत सासरी जाणारी पाठराखीण, रुखमाची तानुआत्या, ती कुठं बसणार?

एवढ्यात दिसलं, तानुआत्या आधीच बसली होती. ज्वारीचं पोतं विहिरीत सोडावं तशी ती त्या गादीत उतरली होती, आणि आता निघत नव्हती. तिघींनी ओढलं. मोटार हलली, आत्या हलली नाही.

"राहू द्या," मेहबूब म्हणाला. "मोताळ्यात उतरवू."

सासरे वामनराव म्हणाले, "पाठराखीन जरा आंधी पोचली तर बिघडते काय? जावईबापू, तुमी दोघं दमनीत या." दमणी म्हणजे आमच्याकडची हलकी, छपराची बैलगाडी. तिला अडीचशे घोडे सोडाच, एक घोडाही नव्हता; दोन म्हातारे बैल होते.

मोटार गेली. धूळ उडाली, पण केशराची नव्हे. ती माझ्याच नाकात गेली.

पुढचं मी नंतर ऐकलं. वाऱ्याधुळीमुळे आत्यानं शालूचा पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. वीस मिनिटांत मोटार आमच्या दारात. वाजंत्री सुरू झाली, त्या गलक्यात मेहबूबचं सांगणं कुणाला ऐकू गेलं नाही. मायनं भाकरतुकडा ओवाळला. पाच बायांनी नवरीला खेचून बाहेर काढलं.

"लाजून राह्यली बिचारी," एक म्हणाली.

"अंगानं भरली हाय," दुसरी म्हणाली.

"नाव घे, मंगच आत," माय दारात आडवी झाली. आत्याचा घसा धुळीनं कोरडा पडलेला. पाणी आत होतं. तिनं खणखणीत नाव घेतलं:

"निंबाच्या झाडाले मोहर आला दाट,
दयारामरावांसाठी सोडली माहेरची वाट."

मायच्या हातचा तांब्या पडला. "माह्या पोराचं नाव उत्तम हाय. हा दयाराम कोन?"

"मले काय इचारता?" पदर वर करत आत्या म्हणाली. "तीस साल झाले, मी तर त्यालेच ओळखतो."

अडीच तासांनी दमणी पोचली, तेव्हा माय दारातच बसली होती. रुखमाकडे पाहत ती म्हणाली, "आता ही कोन बे? अजून किती आनून राह्यला?"

उलगडा झाला, दुसरा भाकरतुकडा ओवाळला गेला, हसणं मात्र गावाला आठ दिवस पुरलं.

सकाळी अंगणात मी ते रंगीत पुस्तक चुलीसाठी फाडत होतो. रुखमा जवळ आली. माझ्याशी ती अजून बोलली नव्हती.

"जागा दोनच होत्या," ती हळूच म्हणाली. "मी चित्र पाह्यलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

ती अंगठ्यानं माती उकरू लागली. "आत्याबाईले बसून पाहा, असं मीच सांगतलं. त्या संगं असत्या तर तुमच्याजोळ कोन बसू देलं असतं मले? चार कोस भेटले होते." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "अन् तुमी चारी कोस मले गिअर समजावून सांगत बसले."